दादाचा अकरा महिन्यांचा करार

भाडेकरू रस्त्यावर आल्यावर त्याला निवाऱ्यात ठेवण्यापेक्षा तो राहतोय ते घरच विकत घेऊन त्याला तिथं राहू देणं स्वस्त पडतं, असं कुणीतरी एकदा सरकारला पटवून दिलं. सरकारला स्वस्त हा शब्द फार आवडतो. मग राज्यातल्या सगळ्या महापालिकांना निधी आला, आमच्याकडे ‘घरराखण कक्ष’ उघडला आणि जन्म-मृत्यू नोंदणीत अर्धी नोकरी काढलेल्या मला तिथं अधीक्षक म्हणून बसवलं. काम ऐकायला सोपं होतं. मालक घर विकायला काढणार असं दिसलं की आपण आधी जायचं, घर बाजारभावाने घ्यायचं आणि भाडेकरूला सांगायचं, उद्यापासून भाडं महापालिकेत भरा, बाकी आहे तसं राहू द्या.

सगळी अडचण त्या ‘आधी’मध्ये होती. लोक आमच्याकडे यायचे ते टेम्पोत सामान चढवून झाल्यावर. घर सोडायला सांगितलंय हे माणूस शेजाऱ्याला सांगत नाही, तो महापालिकेला काय सांगणार? तोपर्यंत घर विकलं गेलेलं असायचं आणि आम्ही कोरा अर्ज पुढे करून नुसती मान हलवायचो. म्हणून मग ‘चाहूल’ आली.

चाहूल म्हणजे संगणकात बसलेली एक प्रणाली. तिचं शास्त्र मला आमच्या कक्षातल्या वैदेही गुरवने समजावलं. वैदेही माझ्या मुलीहून लहान, पण शिकवण्याची हातोटी चांगली. घरातलं प्रत्येक उपकरण वीज आपापल्या पद्धतीने ओढतं, ती म्हणाली. मिक्सर हिसका देतो, फ्रिज थोडा चालतो आणि थांबतो, गिझर एकसारखा खेचत राहतो. नव्या मीटरमध्ये या ओढीची क्षणाक्षणाची नोंद होते, आणि त्या एका नोंदीतून सगळी उपकरणं वेगळी करता येतात. पंगतीत डोळे मिटून बसलं तरी ताकाचा भुरका कोण मारतंय आणि पापड कोण मोडतंय ते कळतं, तसंच.

पुढची गोष्ट जास्त गमतीची होती. उपकरण बिघडायला लागलं की त्याची ओढ बदलते. गिझरच्या कॉईलवर क्षार साचले की पाणी तापायला वेळ लागतो. पंख्याचा कंडेन्सर उतरला की पंखा रडत फिरतो. मीटरवर हे सगळं उमटतं, आणि दुरुस्ती झाली की ओढ पुन्हा पहिल्यासारखी होते. चाहूल एवढंच बघत होती, की बिघडलेलं दुरुस्त व्हायला किती दिवस लागतात, आणि हे दिवस वाढत चाललेत का. भाड्याच्या घरात भाडेकरू सांगतो, “गिझर बघा जरा,” आणि मालक म्हणतो, “बघतो.” त्या ‘बघतो’चं वजन करणारं हे पहिलंच यंत्र असावं. ज्या घरातून मालकाचं मन निघतं, तिथं दुरुस्ती आधी थांबते आणि नोटीस मागून येते. हजारो घरांच्या जुन्या नोंदींवरून हे सिद्ध झालं होतं. काही वेळा मालकाला स्वतःलाही अजून ते पुरतं कळलेलं नसतं, असं वैदेही म्हणाली. मी हसले होते.

पहिल्या वर्षी चाहूलने आमची भरपूर शोभा केली. भाद्रपद लागला आणि यादीत अचानक कोकणातले सगळे भाडेकरू आले. फ्रिज बंद, गिझर बंद, घरं गपगार. महापालिकेने धडाधड मालकांना फोन लावले. भाडेकरू गणपतीला गावी गेलेत, हे मालकांनी आम्हाला हसत हसत सांगितलं आणि घर विकत घ्यायला गिऱ्हाईक दारात आलंय म्हटल्यावर तिथल्या तिथं किंमतही वाढवली. पुढच्या वर्षी वैदेहीने चाहूलला पंचांग शिकवलं. त्यानंतर ती क्वचितच चुकली.

गेल्या थंडीतली गोष्ट. वैदेही महिन्याची यादी घेऊन आली आणि खुर्ची ओढून बसली, एरवी ती उभ्याउभ्याच बोलते.

“मॅडम, यातला एक मालक विलास आवटी म्हणून आहे. तुमचं माहेरचं नाव आवटीच ना?”

“माझा भाऊ,” मी म्हटलं. “सख्खा.”

दोन खोल्यांचं ते घर आमच्या वडिलांनी घेतलेलं. आई-वडील गेल्यावर दादाने ते शैलाताई कुंभोजेंना भाड्याने दिलं. शैलाताई तिथं पाळणाघर चालवतात. आजूबाजूच्या निम्म्या गल्लीची पोरं त्यांच्या सतरंजीवर झोपून मोठी झाली. ते घर गेलं तर त्यांचं राहणं जाईलच, पण पाळणाघरही जाईल. कारण पोरं गल्लीतली आहेत, ती काही त्यांच्यामागे दुसऱ्या वस्तीत जाणार नाहीत. आणि एकट्या बाईला, तेही घरभर दुसऱ्यांची पोरं खेळवणाऱ्या, आता नव्याने भाड्याने घर कोण देणार?

“सहा महिन्यांत घर सुटणार, असं येतंय,” वैदेही म्हणाली. “पण मॅडम, कक्षातल्या माणसाच्या सख्ख्या नात्यातलं घर आपल्याला घेता येत नाही. मला हे नाव यादीतून काढावं लागेल.”

नियम बरोबर होता. मीच त्यावर सही केली होती. मालकाला किंवा भाडेकरूला यादीबद्दल काही सांगायचं नाही, हाही नियमच होता. म्हणजे शैलाताईंचं घर जाणार हे अख्ख्या शहरात आम्हा दोघींना माहीत होतं आणि दोघींचीही तोंडं बांधलेली होती.

रविवारी मी शैलाताईंकडे गेले. पेरू दिले. पोरं नव्हती, सतरंज्या गच्चीवर वाळत घातल्या होत्या. मी न विचारता त्याच म्हणाल्या, “गिझर दिवाळीपासून बंदच आहे. दादांना सांगितलंय. बघतो म्हणाले. त्यांना बरं नाही का हो? एरवी फोन ठेवायच्या आत पिशवी घेऊन हजर असतात.”

ते खरं होतं. दादा वीज मंडळातून निवृत्त झालेला. शैलाताईंच्या घरचा नळ, बटण, पंखा, सगळं तो स्वतः येऊन करायचा आणि वर चहा पिऊन जायचा. मालकाने असं राबायचं का म्हणून वहिनी होती तेव्हा चिडायचीही. आणि आता दिवाळीपासून गिझर बंद.

मी पाणी पिऊन निघाले. मला दादाचा राग आला होता, आणि स्वतःचीही लाज वाटत होती, कारण रागात थोडा स्वार्थ होता. घर वडिलांचं म्हणजे कायद्याने त्यात माझा अर्धा वाटा. मी तो कधी मागितला नाही. आमच्याकडे बहिणी मागत नाहीत. भाऊबीजेला साडी घ्यायची, वाट्याचा विषय काढायचा नाही, म्हणजे माहेरचं दार उघडं राहतं. पण दादा घर विकणार असेल तर माझी हक्कसोडीची सही त्याला लागणारच होती. म्हणजे तो कधी ना कधी येणार, गोड बोलणार आणि कागद पुढे करणार.

मी वाट बघू लागले. हे फार वाईट असतं. दादाचा फोन आला, “विशू, खोकला कसा आहे?” तर मला वाटे, आला मुद्द्यावर. त्याने तिळाच्या वड्या पाठवल्या तर मी डबा उघडताना झाकणाखाली काही कागद आहे का बघितलं. भावाच्या मनातलं त्याच्या आधी आपल्याला कळलं की त्याची साधी चौकशीसुद्धा लबाड वाटायला लागते. यंत्राने मला हे एक शिकवलं, आणि ते शिकले नसते तर बरं झालं असतं.

शेवटी मीच गेले. दादा वहिनीच्या मागे मुलाकडे, तेजसकडे राहतो. दुपारची वेळ, घरात तो एकटा. हॉलमध्ये कोपऱ्यात एक पलंग लावलेला, पलंगाखाली बॅग, बॅगेवर औषधांचा डबा. पूर्वी त्याची स्वतंत्र खोली होती.

“खोलीत कोण?” मी विचारलं.

“मुक्ता. आठवीत गेली. अभ्यासाला खोली नको का?” दादा म्हणाला. “हॉलमध्ये छान आहे. टीव्ही समोरच.”

“दादा, तू घर विकतोयस का?”

तो दचकला नाही.  म्हणाला, “विकत नाही. राहायला जातोय.”



“तेजसने काही म्हटलं नाही हं,” तो घाईने म्हणाला. “पोरगा चांगला आहे. सूनही. फक्त रात्री मी खोकलो की दोघं उठून बसतात आणि सकाळी कुणी काही बोलत नाही. न बोलणं फार मोठं असतं गं. म्हटलं, आपलं घर आहे ना. चैत्रात शैलाताईंना सांगायचं.”

“म्हणून गिझर नाही केलास?”

“कुठल्या तोंडाने जाऊ? मी स्क्रू फिरवणार आणि त्या चहा आणणार. माझ्याच्याने होईना.”

तिथं बसल्याबसल्या मला आमच्या यंत्राची कीव आली. शैलाताई भाडेकरू होत्या, त्यांच्या नावाचा करार होता, म्हणून त्यांची चाहूल लागली. पोराच्या हॉलमध्ये बॅगेवर औषधं ठेवून झोपणाऱ्या बापाच्या नावाचा करार नसतो. तो कुठल्याच यादीत येत नाही. त्याच्यासाठी कुठलाही निधी नाही.

“माझ्याकडे ये,” मी म्हटलं. “दोन बेडरूम आहेत. मी एकटीच असते.”

“वेडी आहेस का? बहिणीच्या घरी जाऊन राहू?”

“मग काय झालं?”

“दिवाळीत दोन दिवस येईन. जेवीन, झोपेन, ओवाळणी घालून परत येईन. बहिणीच्या दारात भावाने पाहुणा म्हणून जायचं असतं विशू. तिथं ठाण मांडलं तर चितेवर चढेपर्यंत लोक बोलतील. वडिलांनी आत्याच्या घरी पाणीसुद्धा विचार करून प्यायलं.”

“म्हणजे भाडेकरणीला तिच्या पोरांसकट बाहेर काढलेलं चालेल, पण बहिणीच्या घरी राहिलेलं चालणार नाही?”

“माझं घर आहे ते,” दादा आवाज चढवून म्हणाला.

आणि मग मी जे बोलले ते मला आजपर्यंत कुणाला बोलता आलं नव्हतं. “अर्धं माझं आहे,” मी म्हटलं. “मी कधी मागितलं नाही, आज मागतेय. माझ्या अर्ध्यात शैलाताई राहणार. तुझ्या अर्ध्यात तू त्यांच्या पोरांबरोबर सतरंजीवर झोपत असशील तर खुशाल जा.”

दादाचा चेहरा उतरला. “तू मागितलंस,” तो हळूच म्हणाला. “शेवटी मागितलंस.” मी चप्पल घातली तरी तो जिन्यापर्यंत आला नाही. रिक्षात मी रडले. रिक्षावाल्याने विचारलं, “ताई, कुणी वारलं का?” मी हो म्हणून टाकलं, कारण खरं सांगायला फार वेळ लागला असता.

त्यानंतर दादाचा फोन नाही. शैलाताईंचा मात्र आला. दादा येऊन गिझर करून गेले म्हणाल्या. चहाला थांबले नाहीत.

होळी झाल्यावर एका सकाळी दारात दादा उभा होता. हातात ती बॅग, मागे तेजस औषधांचा डबा धरून अवघडलेला. दादा आत आला नाही. उंबऱ्यातूनच त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला.

“अकरा महिन्यांचा करार आहे,” तो म्हणाला. “रीतसर नोंदवायचा. भाडं दर महिन्याला देणार, डिपॉझिटही देणार. भाऊ म्हणून तुझ्याकडे राहणार नाही. भाडेकरू म्हणून राहीन. पटत असेल तर सांग, नाहीतर हा चाललो.”

मी तेजसकडे बघितलं. तो खाली बघत होता.

“बहिणीला भाडं देणार?” मी म्हटलं.

“घरमालकिणीला देणार.”

मला हसू आलं आणि हसताना डोळे भरले. आपली माणसं स्वाभिमानासाठी काय काय शोधून काढतील, सांगता येत नाही. छप्पन भानगडी करतील पण सरळ आत येणार नाहीत. मी करार नोंदवला. दादाने उजव्या पायाने उंबरा ओलांडला आणि पहिल्याच दिवशी विचारलं, “पाणी किती वाजता येतं?”

सुरुवातीचे दिवस बरे गेले. शैलाताईंची सतरंजी गच्चीवर वाळत राहिली, दादाला खोली मिळाली, मला संध्याकाळी बोलायला माणूस मिळालं. मग हळूहळू माणसाचं माणूसपण सुरू झालं. दादा पहाटे उठून रेडिओ लावायचा. भाजीत मीठ कमी आहे हे तो कधी म्हणायचा नाही, फक्त मिठाचा डबा उचलून आणायचा. भाडं एक तारखेला टेबलावर पाकिटात ठेवायचा, आणि ते पाकीट बघितलं की माझं डोकं उठायचं. तो खोकायचा आणि मी उठून बसायचे. सकाळी मी काही बोलायचे नाही.

मी थकले होते. दिवसभर ऑफिसात दुसऱ्यांची घरं राखायची आणि घरी आलं की घरात कुणीतरी असायचंच. मुलगी बंगळुरूहून म्हणाली, “आई, निवृत्त झालीस की इकडेच ये कायमची.” विचार करते, असं मी म्हटलं. विचार असा काही केला नाही.

दिवाळी आठवड्यावर आली होती. वैदेही यादी घेऊन आली आणि पुन्हा खुर्ची ओढून बसली. तिने कागद माझ्यापुढे न ठेवता हातातच धरला.

“मॅडम, घरी दुरुस्तीचं काही राहिलंय का?”

“का गं?”

“नवा करार नोंदवला की ते घर चाहूलकडे आपोआप जातं. तुमचंही गेलं.” ती अडखळली. “यादीत भाडेकरूचं नाव विलास आवटी आलंय. सहा महिन्यांच्या आत.”

“पण मालक तर मी आहे.”

वैदेहीने आता कागद माझ्यापुढे ठेवला.

मी काढणार? दादाला? मला इतका राग आला, की यंत्र उचलून नदीत फेकावं. पुन्हा गणपतीसारखी चूक झाली असणार. मी म्हटलं, काय बिघडलंय माझ्या घरात? तेव्हा आठवलं. दादाच्या खोलीतला पंखा. गौरी-गणपतीच्या सुमारास तो म्हणाला होता, विशू, पंखा घरघरतोय, कंडेन्सर आणशील का, बसवतो मी. बघते, म्हटलं मी. नवरात्रात तो पुन्हा म्हणाला. मग म्हणायचा थांबला. ऑफिसातून येताना विजेच्या सामानाचं दुकान लागतं. मी रोज त्याच्यासमोरून चालत घरी येते. स्वयंपाकघरातला बल्ब गेला होता तो मी त्याच दुकानातून आणला, त्याच दिवशी लावला.

मी काहीच ठरवलेलं नव्हतं. देवाशपथ ठरवलेलं नव्हतं. पण मग तो कंडेन्सर मी का आणला नाही, याचं उत्तर मला माझ्या मनात सापडेना, आणि मी फार खोल शोधायला घाबरले.

त्या संध्याकाळी कंडेन्सर घेऊन घरी गेले. दादा गॅलरीत बसला होता. मी सगळे नियम मोडून त्याला सांगितलं. यादी, यंत्र, शैलाताईंचं नाव कसं आलं होतं आणि आता कुणाचं आलंय, सगळं. तो वीज मंडळातला माणूस. अर्ध्यातच त्याच्या ध्यानात आलं.

“मालक म्हणून तुझं नाव दाखवतंय?” त्याने विचारलं.

“हो.”

“हुशार आहे यंत्र,” तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, हे मला जास्त लागलं.

“दादा, माझ्या मनात तसं काही नाही.”

“माझ्याही मनात नव्हतं गं. गिझर राहिला तेव्हा चार दिवस मी स्वतःला हेच सांगत होतो, की पाना सापडत नाहीये.”

मी त्याच्याजवळ बसले. त्याचा हात हातात घेतला, लहानपणानंतर पहिल्यांदाच. “आपण तो करार रद्द करू या,” मी म्हटलं. “उद्याच करू. भाडं नको, पाकीट नको. तू माझा भाऊ म्हणून राहा इथं. यादीतून नावच जाईल.”

करार गेला की नाव जाणार होतं, हे खरं होतं. ते मी त्याच्यासाठी म्हणत होते की स्वतःसाठी, तो कागद डोळ्यांसमोर नको म्हणून, हे मला आजही नीट सांगता यायचं नाही.

दादा बराच वेळ समोरच्या इमारतीतले आकाशकंदील बघत होता. मग त्याने कंडेन्सरची पिशवी माझ्याकडून घेतली आणि उठला. “नको,” तो म्हणाला. “तू मला काढणार नाहीस, हे मला माहीत आहे विशू. पण करार असू दे.”